पाटा वाढवला नाही, हवा भरली : आमच्या व्ही-क्रॉसच्या मागच्या सस्पेन्शनचा अनुभव

गाडीचं बूड बसलंय हे मला पहिल्यांदा समोरून येणाऱ्या लोकांनी सांगितलं. यवतेश्वरचा घाट रात्री उतरत होतो, जो येतोय तो डिपर मारतोय, बायको म्हणाली अहो तुमचा अप्पर चालू आहे का बघा, मी म्हणलं नाही गं डिमच आहे, आणि खाली सपाटीला आल्यावर एका कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून बघितलं तर उजेड भिंतीवर नाहीच, भिंतीच्या वर आंब्याच्या शेंड्याला पडलाय. मागं वजन, म्हणून पुढचं तोंड वर. त्या दिवशी कळलं की स्टेअरिंग हलकं लागतंय असं मी दोन महिने म्हणत होतो त्याचं कारण पण हेच.

गाडी २०१९ ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २.५ डिझेल, फोर बाय फोर. घेतली तेव्हा हौदा मोकळा होता. मग एकेक करत फायबरची कॅनोपी आली, लोखंडी ड्रॉवर आले, ४० लिटरचा फ्रीज, त्याला वेगळी बॅटरी, पाण्याचे दोन कॅन, तंबू, गॅस, दोन स्टेपन्या. प्रत्येक वस्तू घेताना वाटतं किती असणार वजन, वीस किलो फार तर. पण हे वीस-वीस किलो सगळे मागच्या अक्सलच्या (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या) डोक्यावर जातात आणि पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, बिचारे गप बसत जातात. तापोळ्याकडच्या कच्च्या रस्त्याला प्रत्येक मोठ्या खड्ड्यात मागून ठक्क असा आवाज यायला लागला, म्हणजे अक्सल वर येऊन बंप रबरला (गाडीच्या सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्याला) ठोकतोय, आणि ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर दगडाला घासायला लागला. अण्णा (माझे वडील, वय ७२) मागच्या सीटवर बसतात, ते प्रत्येक ठक्कला वरचं हँडल धरायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला त्यांचं ते न बोलणं जास्त लागायचं.

पहिलं काम केलं ते मोजायचं. कुणी हे काम करायला निघाला असेल तर माझी एवढी विनंती आहे की आधी टेप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेनं आकडा बदलतो. चाकाच्या बरोबर मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, दोन्ही बाजूला. माझी हौदा रिकामा असताना ५४० मिलिमीटर होती, सगळं सामान भरल्यावर ४६५. पंचाहत्तर मिलिमीटर खाली, म्हणजे तीन इंच.

दुसरं काम वजन. आमच्याकडं साताऱ्यात काट्यांची काय कमी नाही, उसाच्या ट्रॉल्या तोलणारे खासगी काटे रोडला जागोजागी आहेत. दुपारी गर्दी नसताना गेलो, काटेवाल्याला सांगितलं की आधी पूर्ण गाडीचं वजन कर आणि मग फक्त मागची दोन चाकं काट्यावर राहतील असं मी पुढं घेतो त्याचं वेगळं कर. तो म्हणाला असं कुणी करत नाही, पण केलं. मागच्या अक्सलवर हौदा रिकामा असताना ८१० किलो, भरून ११५०. तीनशे चाळीस किलो जादा! आणि पूर्ण गाडी, चार माणसं धरून, आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या वर गेलेली. ती चिठ्ठी हातात घेऊन मी काट्याच्या शेडमध्ये बराच वेळ उभा होतो, कारण मी तोपर्यंत स्प्रिंगचा विचार करत होतो आणि चिठ्ठी सांगत होती की आधी सामानाचा विचार कर.

म्हणून एअर बॅगची, म्हणजे पाट्यांच्या मदतीला बसवायच्या हवेच्या स्प्रिंगची, ऑर्डर द्यायच्या आधी वजन काढलं. लोखंडी ड्रॉवर विकून प्लायचे बनवले, दुसरी स्टेपनी घरी ठेवली, पाण्याचे कॅन दोनाचा एक, आणि जो ठेवला तो पण शेपटीकडून काढून केबिनच्या पाठीला टेकून ठेवला. हत्यारं अर्धी कमी. मागच्या अक्सलवर १०४५ आलं आणि एकूण वजन आरसीच्या आत. तरी गाडी पन्नास मिलिमीटर खाली बसतच होती.

आता इथं दोन रस्ते होते. एक म्हणजे आपल्याकडचा जुना आणि सरळ, पाटा वाढवायचा. हायवेला कमान-पाट्याची दुकानं आहेत, ट्रकवाले सगळे तिथंच जातात. मी पण गेलो. कमानवाले मिस्त्री म्हणाले, "साहेब, एक जादा पाटा चढवतो, दोन तासात मोकळे व्हाल." त्यांचं काही चुकत नाही. कायम भरलेली गाडी असेल तर पाटाच चांगला, त्याला हवा लागत नाही, पंक्चर नाही, काही नाही. पण माझी गाडी वर्षातले तीनशे दिवस कॅनोपी आणि रिकामे ड्रॉवर घेऊन ऑफिसला जाते. जादा पाटा रिकामेपणी पण तिथंच असणार, मग मागून गाडी आपटत राहणार, आणि अण्णांना मागं बसवायचंय. मला वजनाप्रमाणं कमी-जास्त करता येईल असं काहीतरी पाहिजे होतं.

हे नवीन काही नाही. आपल्या शिवनेरीच्या व्होल्वो बस मागं-पुढं हवेवरच उभ्या असतात, स्टँडला थांबल्यावर फुस्स करतात ते तेच. पिकअपसाठी मूळ पाटे तसेच ठेवून त्यांच्या मदतीला हवेची स्प्रिंग बसवायची अशी पद्धत आहे. अमेरिकेत फायरस्टोन, एअर लिफ्ट (ही कंपनी १९४९ पासून आहे), ऑस्ट्रेलियात पॉलीएअर, एअरबॅग मॅन वगैरे हे बनवतात. कॉइल स्प्रिंगच्या गाडीला कॉइलच्या आत बसणारी नळकांड्यासारखी पिशवी येते, पाट्याच्या गाडीला चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि अक्सलच्या मध्ये बसणारा जाड रबराचा बेलो येतो. दिसायला एकावर एक ठेवलेले दोन मेदूवडे. आमचे मिस्त्री त्याला पहिल्या मिनिटापासून फुगा म्हणायला लागले आणि मग मी पण फुगाच म्हणतो.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. व्ही-क्रॉस म्हणजे तिकडची डी-मॅक्स, तिकडं ही गाडी ढिगानं आहे, त्यामुळं तिच्या मापाचं किट रेडीमेड मिळतं. तो दिवाळीला येणार होता. फोनवर म्हणाला, "दादा, आणतो मी, पण आधी एक ऐक," आणि त्यानं जे सांगितलं ते मी इथं नीट लिहितो कारण आपल्याकडं हे कुणी बोलत नाही. पाट्याच्या गाडीत वजन चेसिसवर दोन ठिकाणी जातं, पाट्याच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या शॅकलला (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीला). फुगा बसवला की त्यातला मोठा वाटा अक्सलच्या वर एकाच ठिकाणी चेसिसला खालून ढकलायला लागतो. आता मागं शेपटीला स्टेपन्या, पाणी, वर कॅराव्हॅनचा हूक, आणि फुग्यात ठासून हवा, अशी गाडी खराब रस्त्यावर उधळली की चेसिस त्या जागी वाकते. तिकडं केबिन आणि हौद्याच्या मध्ये व्ही आकाराची फट पडलेल्या पिकअप त्यानं स्वतः बघितल्यात. फुगा बसवल्यानं गाडी सरळ दिसते म्हणून माणूस अजून सामान टाकतो, खरी गोम तिथं आहे. गाडी किती वजन घेऊ शकते तो आकडा आरसीवर आहे तेवढाच राहतो, हवा भरून तो वाढत नाही. मी त्याला काट्याच्या दोन्ही चिठ्ठ्या पाठवल्या, त्या बघून मगच तो हो म्हणाला.

कायद्याचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण ते स्पष्ट केलंय, आणि परवानगी नसलेल्या बदलाला आता दर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी कुठं वेल्डिंग केलं नाही, चेसिसला भोक पाडलं नाही, गाडीची उंची मूळच्या वर नेली नाही, सगळं नटबोल्टनं निघतं, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतलीय. तरी करताना प्रत्येकानं आपल्या जबाबदारीवर आणि विचारून करावं.

कागदावर थोडा हिशोब मांडला, तो पण सांगतो कारण त्यानं माझी भीती गेली. फुग्याचा काम करणारा व्यास ४ इंच धरला तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. १५ पीएसआय (चौरस इंचाला १५ पाउंड दाब) हवा भरली तर साडेबारा गुणिले पंधरा म्हणजे १८७ पाउंड, म्हणजे ८५ किलो एका बाजूला, दोन्हीकडं मिळून १७०. माझे पाटे ३४० किलोला ७५ मिलिमीटर बसतात, म्हणजे १७० किलोचा भार फुग्यांनी घेतला तर गाडी सदतीसेक मिलिमीटर वर यायला पाहिजे. पुढं प्रत्यक्षात पस्तीस आली. एवढ्याशा हवेत, जी टायरमध्ये भरतो त्याच्या निम्मी पण नाही!

बसवायला शनिवार धरला. मिस्त्री आमचे जुने, गॅरेज छोटं पण स्वच्छ. गाडी चेसिसला जॅक लावून उचलली, चेसिसखाली दोन्हीकडं घोड्या लावल्या आणि अक्सल मोकळा लोंबू दिला, चाकं काढली. हे लोंबू देणं महत्त्वाचं आहे. अक्सल पूर्ण खाली गेल्यावर चेसिसपासून किती लांब जातो ते तेव्हा मोजायचं आणि फुग्याची जास्तीत जास्त लांबी त्याच्यापेक्षा जास्त आहे ना बघायचं. खाली जाणाऱ्या अक्सलला शॉकअपनं थांबवायचं असतं, फुग्यानं नाही, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात फुगा ताणून फाटणार. माझ्याकडं अठरा मिलिमीटर शिल्लक होते.

चेसिसखालचे मूळ बंप रबर काढायचे, त्याच जागी फुग्याचं वरचं ब्रॅकेट बसतं. उजवीकडचा बोल्ट सुटला, डावीकडचा सहा वर्षांच्या चिखलानं आणि गंजानं एकजीव झालेला. मिस्त्रीनी गडबड केली नाही. बोल्टवर डिझेल ओतलं, चहा घेतला, परत ओतलं, हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर टकटक केलं, पाव आटा घट्ट केला आणि मग सोडवला. मी म्हणलं घट्ट का केला, तर म्हणाले, "आधी गंज मोडायचा, मग बोल्ट फिरवायचा." ते मी लक्षात ठेवलंय. काढलेले बंप रबर आणि त्यांचे बोल्ट पिशवीत बांधून गाडीच्या हत्यारात टाकले, ते आजही तिथंच असतात, कारण माझ्या फुग्याच्या आत रबराचा ठोकळा नाही (काही किटमध्ये असतो, मिळाला तर तोच घ्या) आणि प्रवासात फुगा फाटलाच तर मूळचं रबर परत लावता आलं पाहिजे.

खालचं ब्रॅकेट पाट्यांवर यू-बोल्टनं आवळलं. मग फुगा मध्ये बसवून मी बॅटरी घेऊन चारी बाजूनी बघत बसलो. फुग्याला फुगल्यावर चारीकडून निदान अर्धा इंच मोकळी जागा पाहिजे, ब्रेकचा होज नको, हँडब्रेकची केबल नको, कुठल्या बोल्टचं टोक नको. हँडब्रेकची केबल एका बाजूला फारच जवळ होती, तिला क्लिप मारून बाजूला घेतली. सायलेन्सर ज्या बाजूनं जातो तिथं किटमधला पत्रा मध्ये लावला. रबर आणि गरम पाइप, सोबत राहत नाहीत.

आता हवेच्या नळ्या. इथं दोन गोष्टी. किटमध्ये टी येतो, म्हणजे एकाच व्हॉल्वमधून दोन्ही फुग्यांत हवा भरता येते. लावू नका. दोन्ही फुगे जोडलेले असतील तर वळणावर गाडी ज्या बाजूला झुकते त्या बाजूची हवा दुसरीकडं पळते आणि गाडी अजून झुकते, घाटात हे नको, आणि ओढ्यात एक चाक वर एक चाक खाली असताना तर अजिबात नको. मी दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व घेतले, मागच्या बंपरच्या आतल्या कडेला नंबरप्लेटच्या दोन बाजूंना. दुसरी गोष्ट नळी कापायची. पाव इंची नायलॉनची नळी, ती नुसती आत दाबली की बसते. मिस्त्रीच्या पोरानं पक्कडीनं कापली. मी बघितलं होतं, बोललो नाही.

संध्याकाळी दोन्हीकडं ३० पीएसआय भरून गाडी घरी आणली. सकाळी उठून, दात घासायच्या आधी मीटर लावला. डावीकडं ३०. उजवीकडं ११.

खरं सांगतो पोटात गोळा आला. फुगा खराब निघाला तर परत मेलबर्नला कसा पाठवणार. बायको शांतपणे भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी एका बाटलीत करून घेऊन आली, मुलगी रंगकामाचा ब्रश घेऊन. फुग्यावर फिरवला, काही नाही. फुग्याच्या तोंडाला फिरवला, काही नाही. व्हॉल्वच्या मागं जिथं नळी आत जाते तिथं फिरवला आणि बारीक, मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक, एका बाजूनंच. नळी बाहेर काढली. तिचं तोंड गोल नव्हतं, जवसाच्या दाण्यासारखं चपटं झालेलं आणि एका कडेला तिरपं. पक्कडीनं दाबून कापली की हेच होतं, आतली रबराची रिंग एका बाजूला टेकतच नाही. नवीन ब्लेड घेतलं, नळी लाकडाच्या फळीवर ठेवून काटकोनात एका दाबात कापली, आत घातली, परत ३०. दुसऱ्या दिवशी सकाळी ३०. मुलगी ओरडत घरात पळाली, तीस आहे तीस आहे. (डावीकडची पण पक्कडीनंच कापलेली, ती का टिकली देव जाणे, पण मी ती पण ब्लेडनं परत कापली.)

हवा भरायला पायपंप घ्या. फुग्याच्या पोटात जागा फार थोडी असते, पंक्चरवाल्याच्या मशीननं एका सेकंदात पंधराचे पन्नास होतात. मीटर पण ० ते ६० वाला घ्या, ट्रकच्या टायरचा मीटर असल्या कमी हवेत खरं बोलत नाही. आणि मीटर लावला की लावताना आणि काढताना थोडी हवा जातेच, टायरमध्ये ते कळत नाही, फुग्यात पीएसआय-दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून मी एक जास्त भरतो आणि उगाच सारखा मीटर लावत नाही.

किती हवा ठेवायची हे शिकायला मला दोन महिने लागले आणि माझ्या मते सगळं काम ह्याच्यातच आहे, बसवणं ही एका शनिवारची गोष्ट. रिकामी गाडी असताना ५. त्याच्या खाली कधीच नाही, शून्यावर रबर स्वतःच्या घडीत चिमटून कापलं जातं. सुरुवातीला उत्साहात भरलेल्या गाडीला ४० भरून बघितली. मागून गाडी रिकाम्यापेक्षा उंच, तोंड खाली, शेजारचे म्हणाले वा काय लिफ्ट झालीय, आणि कास रोडच्या खडीवर मागचं चाक उड्या मारायला लागलं, ब्रेक दाबला की मागचं बूड बाजूला सरकायचं. दोन किलोमीटरमध्ये थांबून सोडली. २५ ला पण कडकच. २० ला बरी. १५ ला गाडी ५२५ मिलिमीटरवर आली, म्हणजे रिकाम्यापेक्षा पंधरा खाली, आणि तिथं ती शांत झाली. पूर्ण सरळ करायचा मोह होतो, पण थोडं बूड खाली राहिलं की पाटे पण काम करतात आणि फुगे पण. मग हेडलाईट भिंतीवर परत सेट केले.

खऱ्या ऑफरोडला अजून कमी. दगडांच्या ओढ्यात १५ ठेवली तर एका बाजूचं चाक वर दाबलं जात नाही म्हणून दुसऱ्या बाजूचं हवेत उचललं जातं, आणि हवेतलं चाक नुसतं फिरतं. तिथं मी ८ वर आणतो आणि गाडी अगदी हळू घेतो, बाहेर आल्यावर पायपंपानं परत १५. टायरची हवा आपण कमी करतोच, त्याच्याबरोबर हे पण दोन मिनिटांचं काम. अजून एक, ज्या पिकअपला मागच्या अक्सलशी जोडलेला वजनावर चालणारा ब्रेकचा व्हॉल्व असतो, एलएसपीव्ही म्हणतात तो, तिथं फुग्यानं मागचं बूड वर आलं की व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. आपल्या गाडीला तो आहे का ते आधी खाली वाकून बघा, असेल तर तो परत सेट करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली, स्पितीला गेलो तेव्हा. सातारा ते चंदीगड काही सांगण्यासारखं नाही, हायवेला गाडी तरंगत गेली. चंदीगडला उन्हात १५ सेट केली, किन्नौरकडून वर चढलो आणि काझाला पोचल्यावर दुपारी मीटर लावला तर १८! कुणी भरली हवा? कुणीच नाही. तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, फुग्यातली हवा आहे तेवढीच, मीटर दोघांतला फरक दाखवतो. थंडीनं थोडी आकसली म्हणून तीनच वाढली, नाहीतर अजून वाढली असती. मी तिथं कमी केली नाही. दोन दिवसांनी उतरायचंच होतं, आणि वर कमी केलेली हवा खाली आल्यावर अजून कमी होते.

कुंझुम उतरून बातलच्या पुढं, ग्रांफूकडं जाणारा तो दगडगोट्यांचा रस्ता, तिथं पाण्यातून बाहेर निघालो आणि दहा मिनिटांत गाडी डावीकडं कलली. उतरून बघितलं. टायरनं उडवलेल्या दगडानं नळी चेसिसवर चेचली होती, फुगा ठीक. अण्णा म्हणाले, "आता काय?" मी म्हणलं काही नाही अण्णा, अर्धा तास. ब्लेड, जादा नळी आणि जोडणी जवळ होतीच. चेचलेला तुकडा दोन्हीकडून काटकोनात कापला, बोटं गारठलेली, नदीचा वारा, मुलगी बॅटरी धरून. मध्ये नवा तुकडा जोडला, साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला, बुडबुडा नाही. पायपंपाचे अकरा दाब आणि गाडी डावीकडून हळूहळू उठली, ते बघायला अण्णा काठी टेकत बाहेर येऊन उभे राहिले. नळी ह्यावेळी चेसिसच्या आतल्या बाजूनं नेली, वर जाड रबरी पाइप कापून गुंडाळला, खरं तर हे मी साताऱ्यातच करायला पाहिजे होतं, किटच्या कागदात लिहिलेलं आहे.

घरी आल्यावर परत काट्यावर नेली, परत यू-बोल्ट आवळून घेतले (पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा आवळलेले, तेव्हा डावीकडचा अर्धा आटा फिरला होता), मडगार्डच्या आतून चेसिस अक्सलच्या वर दोन्ही बाजूनी धुऊन बॅटरीनं बघितली, कुठं रंगाला तडा नाही. पावसाळ्यात दोन वड्यांच्या मधल्या खाचेत बारीक खडी अडकते, ती पाण्याच्या पाइपनं दर महिन्याला काढतो, तेवढंच देखभालीचं काम. महिन्याला साधारण दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते.

कमानवाले मिस्त्री मागच्या आठवड्यात भेटले. गाडीखाली वाकून त्यांनी फुगा अंगठ्यानं दाबून बघितला, पाट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाटे सरळ राहिलेत बरं का साहेब." मी म्हणलं हो. मग म्हणाले त्यांच्या पोराची बोलेरो पिकअप आहे, टोमॅटो वाहतो, जाताना भरलेली येताना रिकामी, तिला बसेल का. आम्ही रविवारी टेप घेऊन तिच्याखाली शिरणार आहोत, पण आधी मी त्यांना म्हणलंय की पोराला गाडी भरून काट्यावर न्यायला सांगा.